मुक्ता साळवेची कैफियत

अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या १५ फेब्रुवारी १८५५ आणि १ मार्च १८५५ या दोन अंकांत मिळून एक मराठी निबंध प्रसिद्ध झाला. मांग आणि महार या जातींची दुःखे हा त्याचा विषय होता, आणि तो लिहिला होता पुण्यात जोतीराव फुले व त्यांचे सहकारी चालवीत असलेल्या शाळेत सुमारे तीन वर्षे शिकलेल्या, मातंग समाजात जन्मलेल्या, चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे या मुलीने. महाराष्ट्रातील आधुनिक शिक्षणाचा इतिहास आपण बहुधा गव्हर्नरांचे खलिते, शिक्षणमंडळांचे अहवाल आणि संस्थापकांची चरित्रे यांच्या आधारे लिहितो, आणि ते योग्यच आहे. परंतु शाळा ज्याच्यासाठी काढली त्या विद्यार्थ्याला न्याय म्हणजे काय वाटत होते, आपण शिकतो आहोत ते कशासाठी असे त्याच्या मनाने घेतले होते, हे सांगणारा पुरावा त्या दफ्तरांत क्वचितच सापडतो. मुक्ताचा निबंध हा असा पुरावा आहे. आधुनिक शाळेपासून न्यायाची काय अपेक्षा करावी, याचे महाराष्ट्रातील पहिले स्पष्ट आणि आजही पुरते न फेडलेले मागणे या मुलीने मांडले, असे माझे मत आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठी ती ज्या पुण्यात वाढली त्या पुण्याकडे प्रथम पाहिले पाहिजे.

१८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली आणि पेशव्यांचा मुलूख कंपनी सरकारच्या अंमलाखाली आला, तेव्हा पुण्यात विद्येची प्रतिष्ठा मोठी होती, पण तिचे दार अरुंद होते. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली आणि पुढे पेशव्यांनी वाढविलेली श्रावणमासातील दक्षिणा हा या प्रतिष्ठेचा सर्वांत मोठा उत्सव असे. पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्यात देशोदेशींचे वैदिक व शास्त्री जमत आणि राज्याच्या खजिन्यातून, म्हणजे अखेर रयतेच्या वसुलातून, त्यांचा सत्कार होई. नव्या सरकारने ही दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिचा काही भाग शिक्षणाकडे वळवून १८२१ मध्ये बाजीरावाच्याच विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा स्थापन करण्यात आली, आणि तीत प्रवेश मिळे तो ब्राह्मण विद्यार्थ्यांना. अशा रीतीने राज्य बदलले तरी विद्येचा आश्रय ज्या वर्गाकडे होता त्याच वर्गाकडे राहिला. याचे कारण केवळ जुन्या परंपरेविषयीचा आदर एवढेच नव्हते. नव्याने जिंकलेल्या मुलखात प्रतिष्ठित वर्ग दुखावला जाऊ नये, हा राजकीय हिशेबही त्यात होता. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२४ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध टिपणात हा हिशेब स्पष्टपणे मांडला आहे. अतिनीच मानल्या गेलेल्या जातींची मुले उत्तम विद्यार्थी ठरतात, हा मिशनऱ्यांचा अनुभव त्यांना ठाऊक होता. तरीही या जातींना विशेष उत्तेजन दिले तर नवे शिक्षण त्यांच्यातच अडकून राहील व इतरांत कधीच रुजणार नाही, असा इशारा त्यांनी दिला. गुणवत्ता मान्य करूनही तिला सोयीसाठी बाजूस ठेवावे, हे धोरण तेव्हापासून सरकारी शिक्षणाच्या पायातच बसले.

सामान्य मुलांसाठी गावोगाव पंतोजींच्या खाजगी शाळा असत. पाटीवर धूळ पसरून तिच्यावर अक्षरे गिरवायची, पावकी, निमकी, सवायकी, दीडकी यांचे पाढे एका सुरात घोकायचे, मोडी वाचायला व हिशेब मांडायला शिकायचे, आणि त्याबद्दल पंतोजीला धान्य किंवा थोडे पैसे द्यायचे, अशी ती व्यवस्था होती. कुलकर्ण्याचे, सावकाराचे व दुकानदाराचे काम चालविण्याइतके शिक्षण तीतून मिळे आणि त्या मर्यादेत ती उपयुक्तही होती. परंतु तीत मुली जवळजवळ नव्हत्या, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतील मुलांना तर तिच्या ओसरीवर पाय ठेवण्याची मुभा नव्हती. ज्याला लिहिता येत नाही त्याला कर्जरोख्यावर काय लिहिले आहे ते कळत नाही, वतनाच्या कागदात आपल्या हक्काची नोंद काय आहे ते तपासता येत नाही, आणि अन्याय झाला तर मामलेदाराच्या कचेरीत देण्याचा अर्ज दुसऱ्याच्या हातून लिहून घ्यावा लागतो. तेव्हा अक्षरांपासून वंचित ठेवणे म्हणजे केवळ ग्रंथांपासून दूर ठेवणे नव्हते, तर न्यायाच्या प्रत्येक पायरीवर परावलंबी करून ठेवणे होते.

या पार्श्वभूमीवर १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींसाठी शाळा काढली, त्या वेळी जोतीराव एकवीस वर्षांचे व सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या. पुढल्या वर्षी या कार्यामुळे त्यांना वडिलांचे घर सोडावे लागले, काही काळ शाळेतही खंड पडला. पण १८५१ मध्ये बुधवार पेठेतच अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात पुन्हा शाळा सुरू झाली, त्याच वर्षी रास्ता पेठेत दुसरी आणि १८५२ च्या मार्चमध्ये वेताळ पेठेत तिसरी. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे हे ब्राह्मण मित्र या कामात जोतीरावांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते, ही गोष्ट विसरता येत नाही. आणि ज्या वस्त्यांतून मुले आणायची त्या वस्त्यांत शिक्षणाविषयी विश्वास निर्माण करण्याचे काम लहुजी वस्ताद साळवे आणि राणबा महार यांनी केले, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. लहुजींची पुण्यातील तालीम प्रसिद्ध होती, जोतीराव स्वतः तेथे दांडपट्टा व निशाणबाजी शिकले होते, आणि मुक्ता ही लहुजींच्याच घराण्यातील असे परंपरेने सांगितले जाते. शाळेत जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण व दगड टाकले गेले हे महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. त्या शाळेत येणाऱ्या मुलीही त्याच रस्त्यांनी येत होत्या, याची आठवण मात्र क्वचित केली जाते.

या शाळांना सरकारने दरमहा ७५ रुपयांची मदत मंजूर केली, ती दक्षिणेच्याच निधीतून. इंग्रज शिक्षणाधिकारी मेजर कँडी यांच्या हस्ते १६ नोव्हेंबर १८५२ रोजी जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला तो विश्रामबागवाड्यात, आणि १८५३ च्या फेब्रुवारीत दोनशेहून अधिक मुलींची जाहीर परीक्षा झाली तीही, त्याच वाड्यात असलेल्या पूना कॉलेजच्या आवारात, मोठ्या जनसमुदायासमोर. जो खजिना एके काळी फक्त वेदपाठ्यांसाठी उघडत होता त्यातून मुलींच्या शाळेचा खर्च निघावा, आणि ज्या वाड्यात बाजीरावाचे वास्तव्य होते त्याच्या अंगणात मुलींनी वाचन व गणित करून दाखवावे, हा एका पिढीच्या आत घडलेला पालट पाहिला म्हणजे मुक्ताने आपल्या निबंधात बाजीरावाचे नाव पुन्हा पुन्हा का घेतले ते समजते. तिच्या दृष्टीने तो ग्रंथांतून वाचलेला भूतकाळ नव्हता. पेशवाई संपून अवघी सदतीस वर्षे झाली होती. तिच्या घरातील वडीलधाऱ्यांनी ते राज्य डोळ्यांनी पाहिले होते आणि तिच्या आजूबाजूला वावरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या अंगावर त्याच्या खुणा होत्या.

आता त्या निबंधाकडे वळू. त्याचा आरंभ ईश्वराला उद्देशून आहे, आणि पहिलाच मुद्दा धर्मग्रंथाच्या मालकीचा आहे. वेद आमचेच, ते आम्हीच पाहावेत, असे ब्राह्मण म्हणतात, हे विधान ती जसेच्या तसे स्वीकारते आणि त्याचे परिणाम एकामागून एक काढीत जाते. जर वेद फक्त त्यांचे असतील तर वेदाप्रमाणे आचरण करण्याचे बंधनही फक्त त्यांचेच ठरते. ज्यांना तो ग्रंथ पाहण्याचीही सोय नाही त्यांना त्याच्या आज्ञा लागू होत नाहीत. आणि मग अशा माणसांपाशी स्वतःचा म्हणावा असा कोणताच धर्मग्रंथ नाही, कोणताच धर्म नाही. तेव्हा आमचा धर्म कोणता ते हे ईश्वरा तूच सांग, अशी ती विनवणी करते, आणि ज्या धर्माचा लाभ एकानेच घ्यावा व बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहत राहावे असा धर्म पृथ्वीवर न उरो, अशी इच्छा प्रकट करते. या युक्तिवादातील धैर्य तर मोठे आहेच, पण त्याची रचना अधिक विचार करण्याजोगी आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे मान्य करून त्याच्याच पोटातून त्याचे खंडन करणे ही आपल्याकडील शास्त्रार्थाची जुनी रीत. ती जिला कधी कोणी शिकविली नव्हती त्या मुलीने ती सहजपणे वापरली, आणि ज्ञानावर एका वर्गाची मक्तेदारी असेल तर त्या ज्ञानातून निघालेल्या नियमांना इतरांनी बांधील राहावे हा न्याय नव्हे, हा सिद्धान्त मराठीत प्रथमच इतक्या स्वच्छपणे मांडला.

यानंतर ती जिवाच्या सुरक्षिततेचा मुद्दा घेते. बाजीरावाच्या राज्यात आम्हाला गाढवांइतकीही किंमत नव्हती, असे ती म्हणते आणि कारण देते: गाढवाला कोणी मारले तर त्याचा धनी फिर्याद घेऊन येई, पण मांग-महाराला मारू नका असे म्हणणारा कोणी नव्हता. न्यायाची याहून नेमकी कसोटी शोधूनही सापडणार नाही. ज्याच्या बाजूने दाद मागणारा कोणी नाही त्याच्यासाठी कायदा अस्तित्वातच नसतो, मग दरबारात कितीही न्यायशास्त्री बसलेले असोत. तालीमखान्यापुढून अस्पृश्य गेला तर गुलटेकडीच्या मैदानावर त्याचे काय होई, इमारतींच्या पायात शेंदूर पाजून माणसे कशी पुरली जात, याचे तिने जे वर्णन केले आहे ते वाचवत नाही. आणि ते एका समाजाच्या सामूहिक स्मृतीत जपले गेलेले वर्णन आहे हे ध्यानात घेऊन इतिहासकाराने त्याकडे पाहावे, कारण भयाच्या स्मृतीला दफ्तरात जागा मिळत नाही तेव्हा ती आजीच्या तोंडून नातीपर्यंत येते, आणि येथे ती नातीच्या लेखणीतून कागदावर उतरली. अस्पृश्याने लिहावाचायला शिकल्याचे कानी आले तर बाजीरावाला ते ब्राह्मणांच्या दफ्तरदारीवरचे संकट वाटे, हेही तिने सांगितले आहे. अक्षरज्ञान आणि अधिकार यांचा संबंध सत्ताधाऱ्यांना किती पक्का ठाऊक होता आणि ज्यांना अक्षरांपासून दूर ठेवले होते त्यांनाही तो किती पक्का ठाऊक होता, हे या एका उल्लेखावरून दिसते.

पुढचा मुद्दा उपजीविकेचा. व्यापार करायचा म्हटले तर करू दिला जात नसे. अंगावर बरे वस्त्र दिसले तर ते चोरीचेच असणार, असा आरोप येई. जमिनींतून हुसकून लावले जाई. मग पोट भरायचे कसे, असा तिचा सवाल आहे. याच ओघात तिने नोंदविलेली एक गोष्ट मला साऱ्या निबंधात सर्वांत मर्मभेदी वाटते. ब्राह्मणांच्या मुलांनी दगड मारून मांग-महारांच्या एखाद्या पोराचे रक्त काढले, तरी त्याचे आईबाप सरकारात फिर्याद करीत नाहीत, कारण उद्या त्याच दारी उरलेसुरले अन्न मागायला जायचे असते. १८५५ मध्ये कंपनी सरकारची न्यायालये होती, लेखी कायदे होते, आणि त्यांपुढे सर्व प्रजा समान असे तत्त्व निदान कागदावर होते. तरीही उपासमारीच्या धाकाने फिर्याद ओठांतच मरते, हे या मुलीने पाहिले. ज्याचे अन्न दुसऱ्याच्या मर्जीवर आहे त्याला हक्क असूनही नसल्यासारखे असतात, हे पुढे अनेक विचारवंतांनी मोठमोठ्या ग्रंथांतून सांगितले. मुक्ताने ते आपल्या आळीतल्या अनुभवावरून सांगितले.

आणि त्यानंतर ती स्त्रियांकडे वळते. बाळंत होण्याच्या वेळी ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही, ज्यांना पावसात व थंडीत उघड्यावर प्रसूत व्हावे लागते, त्यांच्या वेदनांची कल्पना स्वतःच्या अनुभवावरून करून पाहा, असे आवाहन ती वाचकांना करते. त्यांना प्रसूतिरोग झाला तर औषधाला व वैद्याला पैसा कोठून येणार, असे ती विचारते. तोवर मराठीत स्त्रियांविषयी जे लिहिले जात होते त्यात पुनर्विवाह, बालविवाह, स्त्रीशिक्षण हे विषय येत, आणि ते बहुतेक पुरुषांनीच लिहिलेले असत. दारिद्र्य, जात आणि स्त्रीचे शरीर या तिहींचा भार एकाच ठिकाणी पडतो तेव्हा काय होते, हे चौदा वर्षांच्या मुलीने आपल्या सभोवतालच्या स्त्रियांकडे पाहून लिहिले. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध झाले ते १८८२ मध्ये, म्हणजे यानंतर सत्तावीस वर्षांनी.

इतके सारे सांगूनही हा निबंध केवळ गाऱ्हाणे म्हणून संपत नाही, हे त्याचे मोठेपण आहे. इंग्रजांच्या राज्यात आमचा छळ कमी झाला, पायात पुरण्याची चाल बंद पडली, आमची वस्ती वाढू लागली, चांगले वस्त्र अंगावर घालता येऊ लागले, गुलटेकडीच्या बाजारात मोकळेपणाने जाता येऊ लागले, हे ती प्रांजळपणे नोंदविते. ज्या ब्राह्मणांनी निंदा सोसून आम्हाला शिकविण्यासाठी शाळा काढल्या त्यांचेही आभार मानते. ज्या समाजव्यवस्थेवर ती इतक्या कठोरपणे आरोप ठेवते त्या व्यवस्थेतून बाहेर पडून मदतीला आलेल्या माणसांना ती वेगळे काढते, आणि आरोप जातीच्या रक्तावर न ठेवता कृतीवर ठेवते. न्यायबुद्धी म्हणजे हीच. अन्याय करणाऱ्याचे नाव घेण्याचे धैर्य आणि उपकार करणाऱ्याचे ऋण मान्य करण्याचा मोकळेपणा, या दोन्ही गोष्टी एकाच लेखणीत असणे दुर्मिळ असते.

शेवटी ती आपल्या लोकांकडे वळते आणि त्यांना सांगते की तुम्ही दरिद्री व पीडित आहात, आणि ज्ञान हेच औषध तुम्हाला बरे करील. त्याने खुळ्या समजुती व वाईट सवयी सुटतील आणि पशूंप्रमाणे वागविले जाण्याची रीत बंद पडेल. औषधाची ही उपमा वरवर साधी आहे, पण तिच्यात शाळेविषयीचा एक संपूर्ण विचार सामावला आहे. सरकारला शाळा हव्या होत्या त्या प्रामुख्याने कारकून व अंमलदार तयार करण्यासाठी. मिशनला हव्या होत्या त्या आपल्या धर्माच्या प्रसारासाठी. पुष्कळ सुधारकांना मुलींच्या शाळा हव्या होत्या त्या सुगृहिणी घडविण्यासाठी. मुक्ताला शाळा हवी होती ती मनुष्य म्हणून उभे राहण्यासाठी, आपल्यावर लादलेल्या नियमांची छाननी करण्यासाठी आणि स्वतःची फिर्याद स्वतः लिहिण्यासाठी. अवघ्या तीन वर्षांच्या शिक्षणात ती हे करू शकली, यावरून त्या शाळेत अक्षरांबरोबर आणखी काय शिकविले जात होते ते कळते. ज्या वर्षी हा निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले, आणि अज्ञानामुळे फसविले जाणारे कुणबी जोडपे अखेर शाळेकडे वळते असे त्यात दाखविले. गुरू आणि विद्यार्थिनी एकाच दिशेने विचार करीत होते. पण विद्यार्थिनीचा आवाज गुरूचा प्रतिध्वनी नव्हता, तो तिच्या वस्तीतून आला होता.

या मागण्याला सरकारी शिक्षणखात्याने काय जबाब दिला ते पुढल्याच वर्षी दिसून आले. १८५४ मध्ये वुड यांचा शिक्षणविषयक खलिता आला होता आणि सर्वसामान्य जनतेच्या शिक्षणाकडे आजवर दुर्लक्ष झाले हे त्यात मान्य केले होते. १८५६ च्या जून महिन्यात धारवाड येथील सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. अर्जदाराच्या बाजूने तत्त्वतः न्याय आहे हे मुंबई सरकारला नाकारता आले नाही. परंतु एका व्यक्तीसाठी इतर जातींच्या मुलांवर त्याची संगत लादली तर शाळाच ओस पडेल, या कारणास्तव तो अर्ज फेटाळण्यात आला. बंगालमध्ये असा नकार मिळाला नसता, असा अभिप्राय हिंदुस्थान सरकारने दिला, आणि १८५८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांसाठीच आहेत असे निःसंदिग्धपणे कळविले. मग मुंबई सरकारने ठराव केला की ज्या शाळांचा सर्व खर्च सरकार करते त्या कोणताही भेद न करता सर्व प्रजाजनांना खुल्या राहतील. मात्र ज्या शाळांचा काही खर्च स्थानिक लोक देतात आणि ज्यांचे आश्रयदाते हरकत घेतात तेथे अस्पृश्य मुले घालण्याचा विचार नाही, जातीमुळे शिक्षण नाकारणाऱ्या अशा शाळांची मदत बंद करण्याचा हक्क तेवढा सरकार राखून ठेवीत आहे. ठराव न्यायाचा होता, पण त्याच्याच पोटात पळवाट होती, आणि त्या पळवाटेतून दोन पिढ्या निसटून गेल्या.

या दिरंगाईमागे एक शिक्षणविषयक सिद्धान्तही होता. अर्स्किन पेरी अध्यक्ष असताना मुंबईच्या शिक्षणमंडळाने असे धरले होते की निधी तुटपुंजा असल्यामुळे तो वरिष्ठ वर्गांवर खर्च करावा, म्हणजे त्यांच्याकडून ज्ञान हळूहळू खाली झिरपेल. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी सरकारने नेमलेल्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी या सिद्धान्ताचा समाचार घेतला. सरकारचा बहुतेक महसूल घाम गाळणाऱ्या रयतेकडून येतो आणि तिच्या मुलांच्या शिक्षणाकडे मात्र दुर्लक्ष होते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक शक्य तितके शेतकरी वर्गातून घ्यावेत, आणि अभ्यासक्रमात मोडी, बालबोध व हिशेब यांच्याबरोबर इतिहास, भूगोल, शेती, नीती व आरोग्य यांची प्राथमिक माहिती असावी, असे त्यांनी सुचविले. जेथे महार-मांगांच्या मुलांना इतर मुलांबरोबर बसू दिले जात नाही तेथे त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढाव्यात, हीही सूचना त्यांना करावी लागली. १८५८ चा ठराव होऊन चोवीस वर्षे झाल्यावरही ही सूचना आवश्यक वाटावी, यावरून त्या ठरावाची अंमलबजावणी किती झाली असेल याचा अंदाज येतो.

शाळेचे दार उघडले तरी वर्गात न्याय शिरतोच असे नाही, याचा सर्वांत वेदनादायक दाखला डॉ. भीमराव आंबेडकरांच्या बाल्यातच आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर साताऱ्याच्या शाळेत त्यांना प्रवेश मिळाला होता. पण बसण्यासाठी गोणपाट घरून न्यावे लागे, ते शाळेचा झाडूवालाही उचलीत नसे म्हणून रोज परत आणावे लागे, आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत घेऊ दिले गेले नाही आणि फारसी घ्यावी लागली. ग्रंथ पाहण्याचा अधिकारच नसेल तर त्याच्या आज्ञा आम्हाला कशा लागू होतात, हा मुक्ताचा प्रश्न पन्नास वर्षांनंतर मुंबईच्या एका सरकारी शाळेच्या वर्गात जसाच्या तसा उभा होता. ज्या विद्यार्थ्याला संस्कृत नाकारले गेले त्याने पुढे स्वप्रयत्नाने ती भाषा शिकून धर्मग्रंथांची चिकित्सा केली, यात मुक्ताच्या मागणीचे उत्तर विद्यार्थ्याकडूनच आले. व्यवस्थेकडून ते आले नव्हते.

व्यवस्थेकडून ज्यांनी ते देण्याचा मनापासून यत्न केला त्यांत कोल्हापूरचे शाहू छत्रपती अग्रगण्य होत. १९१७ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतला, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसाधारण शाळांत इतरांबरोबर बसविण्याचा हुकूम काढला. वेगळी शाळा ही तात्पुरती सोय असू शकते पण ती न्याय असू शकत नाही, हे ओळखून त्याप्रमाणे हुकूम काढणारा राज्यकर्ता मराठी मुलखात प्रथम लाभला तो असा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सरकारी शाळाही अस्पृश्यांना मोकळ्या असल्याचे पुन्हा जाहीर करावे लागले. पुढे राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, सरकारी मदत घेणाऱ्या शाळांत जातीवरून प्रवेश नाकारण्यास मनाई केली, आणि २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. मुक्ताने निबंध लिहिला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आज कायदा ज्या वयापर्यंत मुलाच्या शिक्षणाची हमी देतो त्या वयापर्यंत तिने आपल्या समाजाच्या वतीने एक पूर्ण कैफियत लिहून ठेवली होती.

हा सारा क्रम पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. दीडशेहून अधिक वर्षे न्यायाची मागणी बहुतेक वेळा प्रवेशाच्या मागणीच्या रूपाने मांडली गेली, कारण दारच बंद होते आणि प्रथम ते उघडणे भाग होते. आणि दार उघडण्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांचे ऋण मोठे आहे. पण मुक्ताने मागितले होते ते प्रवेशाच्या पलीकडचे. तिने मागितले की ज्ञान कोणाच्या मालकीचे नसावे, उपाशी माणसालाही निर्भयपणे फिर्याद करता यावी, आणि शिकलेल्या माणसाने शिकविलेल्या गोष्टींचीही परीक्षा करावी. आजची शाळा मुलाच्या स्मरणशक्तीची परीक्षा वर्षातून अनेकदा घेते, पण आपल्या गावात कोणावर अन्याय होतो आहे, ज्याला दाद मागता येत नाही तो का गप्प आहे, आणि त्या गप्प राहण्यात आपला वाटा किती, हे त्याला लिहायला क्वचितच सांगते. निबंध लिहायला सांगितला जातो तो पावसाळ्यावर, सहलीवर, आवडत्या सणावर. पुण्याच्या त्या शाळेत एका मुलीला आपल्या लोकांच्या दुःखावर लिहिता आले, तिचे लिखाण तिच्या शिक्षकांनी दडपले नाही, एका संपादकाने ते छापले, आणि १८६८ मध्ये ना. वि. जोशी यांनी आपल्या ‘पुणे शहराचे वर्णन’ या ग्रंथातही त्याला जागा दिली.

त्या शाळेपाशी इमारत नव्हती, निधी अपुरा होता, आणि गावाचा रोष होता. तरी शाळा म्हणून ती आजच्या पुष्कळ संपन्न शाळांपेक्षा अधिक यशस्वी झाली, कारण तेथे शिकलेल्या मुलीने सत्तेला, परंपरेला आणि आपल्याच समाजाला एकाच वेळी तर्काने प्रश्न विचारले. महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेत, आठवी-नववीच्या वर्गात, मुक्ता साळवेचा तो निबंध मुलांनी संपूर्ण वाचावा, त्यातील एकेक मुद्द्यावर वाद घालावा, आणि मग आपापल्या वस्तीविषयी स्वतःची कैफियत लिहावी, असे मला मनापासून वाटते. ती कैफियत शिक्षकाला अवघड वाटेल, कधी गावाला बोचेल, कधी सरकारला खटकेल. पण जी शाळा अशी कैफियत लिहू देते आणि ऐकून घेते, तीच फुले दांपत्याच्या शाळेची खरी वारसदार होय.